सुपरमॅनच्या हजारो गोष्टींतून नेमक्या कोणत्या निवडायच्या? ताकद बाजूला काढून बघा

गेल्या चवथीला घर पोरांनी भरलेलं, बाहेर पाऊस थांबायचं नाव नाही, आरती झाल्यावर सोप्यावर बसलो होतो तर सातवीतला भाचा म्हणाला, मामा, सुपरमॅन बोअर आहे, त्याला काही होतच नाही, मग गोष्ट कसली? त्याने २०२५ चा पिच्चर बघितलेला, मोबाईलवर मारामारीच्या क्लिपा बघितलेल्या, पण कॉमिक एकही हातात घेतलेलं नाही. मला खरंच लागलं ते. मी त्याच्याएवढा असताना याच माणसाच्या गोष्टी वाचून बऱ्याच गोष्टी शिकलो, आणि मारामारी त्यातली सगळ्यात शेवटची.

त्याच महिन्यात गोव्यातल्या फोंडा तालुक्यातल्या आमच्या गावच्या वाचनालयाने मुलांच्या कपाटासाठी सहा कॉमिक पुस्तकं घ्यायचं ठरवलं आणि निवड माझ्यावर सोडली. १९३८ पासून अंक निघतायत, हजारोंनी, त्यातून सहा. मी कशी निवड केली, कुठे चुकलो, ते सगळं इथे पायरी पायरीने लिहितो. तुम्हाला सुपरमॅन नको असेल, दुसरा कुठला जुना सुपरहिरो हवा असेल, तरी पद्धत हीच चालेल.

पहिली चूक आधी सांगतो म्हणजे तुमची टळेल. मी इंटरनेटवरच्या 'टॉप टेन' याद्या एकत्र केल्या, ज्या गोष्टी जास्त याद्यांत त्या उचलल्या आणि मित्राकडून दोन पुस्तकं आणून पोरांना वाचायला दिली. पोरांनी वाचली. मग विचारलं काय आवडलं, तर सगळ्यांचा एकच प्रश्न, शेवटी जास्त ताकद कोणाची? म्हणजे मी निवडलेल्या गोष्टींनी त्यांना तेवढंच दिलं होतं. त्या याद्यांत सगळ्यात गाजलेल्या गोष्टी असतात, म्हणजे ज्यात कोण मेलं, कोण हरलं, कोण उलटला, त्या. हिरो कशासाठी उभा आहे ते शोधायचं तर रस्ता वेगळा.

रस्ता मला दशावतारात सापडला. पेडण्याकडे जत्रेत रात्रभर बसून ज्याने दशावतार बघितलाय त्याला माहीत आहे की तिथे लिहिलेली संहिता नसते, कथा काय ते आत ठरतं आणि संवाद नट उभ्या उभ्या बोलतात, कंपनी बदलली की कृष्णही बदलतो. तरी बघणाऱ्याला बरोबर कळतं की आजचा कृष्ण जमला की नाही. ट्रिकसीनला टाळ्या पडतात, पडायलाच हव्यात, पण पहाटे घरी परतताना लोक बोलतात ते अमुक प्रसंगात तो काय म्हणाला आणि कसा वागला त्याबद्दल. सुपरमॅनचंही तेच, ऐंशीहून जास्त वर्षांत शेकडो लेखकांनी त्याला बोलतं केलंय, पात्र एक आणि बोलणारे अनेक. आपल्याला ट्रिकसीन वजा करून उरलेलं बघायचंय.

पहिली पायरी: वही घ्या आणि मुळाकडे जा

आदर्श कोणते ते आठवणीतून लिहू नका, कारण आठवणीत पिच्चर, खेळणी, टीशर्ट सगळं मिसळलेलं असतं. पहिले अंक वाचा. जेरी सीगल आणि जो शूस्टर, अमेरिकेतल्या क्लीव्हलंडची दोन ज्यू पोरं, दोघांचेही आईवडील बाहेरून आलेले, काळ मंदीचा. त्यांची गोष्ट जून १९३८ तारखेच्या 'ॲक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकात आली, फक्त १३ पानं, आणि त्या १३ पानांत राक्षस नाही, परग्रहावरचा शत्रू नाही. आहे काय तर एका निरपराध बाईला फाशी होणार असते म्हणून हा मध्यरात्री गव्हर्नरच्या घरात घुसतो, मग बायकोला मारणाऱ्या नवऱ्याला धरतो, मग बरोबरची पत्रकार लोइस हिला गुंडांच्या तावडीतून सोडवतो, मग वॉशिंग्टनला जाऊन सिनेटरला खिशात घालू बघणाऱ्या दलालाची पाळंमुळं खणतो. तिसऱ्या अंकात तर एक खाणमालक आहे, त्याच्या खाणीत सुरक्षा नाही म्हणून कामगार अडकतो आणि जायबंदी होतो, तर सुपरमॅन मालकाला आणि त्याच्या पार्टीतल्या पाहुण्यांनाच खाणीत अडकवतो, म्हणजे आत काय असतं ते त्यांना कळावं. आमच्या गोव्याच्या खाणपट्ट्यातल्या, डिचोली-सत्तरीकडच्या पोरांना खाण म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही, त्यामुळे ही १९३८ ची गोष्ट त्यांना कालची वाटली. आठव्या अंकात तो झोपडपट्टीच पाडतो, कारण सरकार नवी घरं बांधेल ते फक्त मोठी आपत्ती आली तरच, हे त्याला कळलेलं असतं.

आता इथे नीट बघायचं. हा सुरुवातीचा सुपरमॅन रांगडा आहे, लोकांना धमकावतो, उचलून लोंबकळवतो, आणि त्याला उडताही येत नाही, लांब उड्या मारतो फक्त. जीव घ्यायचा नाही हा त्याचा पक्का नियम नंतर, १९४० च्या आसपास संपादकांनी आखला. 'सत्य, न्याय आणि अमेरिकन पद्धत' हे घोषवाक्यही मूळ कॉमिकमधलं नाही, ते १९४० च्या दशकात रेडिओवरच्या मालिकेतून आलं, आणि २०२१ मध्ये डीसीने, म्हणजे सुपरमॅन छापणाऱ्या कंपनीने, त्याचा शेवट बदलून 'अधिक चांगला उद्या' असा केला. म्हणजे घोषवाक्य बदलू शकतं, शक्ती बदलू शकते, चड्डीसुद्धा बाहेरची आत जाऊ शकते. न बदललेलं काय तेवढं वहीत उतरवा.

माझ्या वहीत चार ओळी आल्या. दुबळ्याच्या बाजूने उभा राहतो. जेवढी ताकद आहे तेवढी वापरत नाही. बाहेरून आलेला आहे पण इथलाच होऊन राहतो. खरं शोधतो आणि सांगतो, पोटापाण्याचा धंदाही पत्रकाराचाच. तुमच्या पाच होतील, तीन होतील, चालेल, पण दहा करू नका, दहा ओळींत कुठलीही गोष्ट बसते.

दुसरी पायरी: ताकद काढून घ्या

सगळी पद्धत या एका चाळणीवर उभी आहे. गोष्ट वाचून झाली की पुस्तक मिटा आणि दुसऱ्या कोणाला तरी ती तोंडी सांगा, पण सांगताना उडणं, डोळ्यातली आग, पोलादी अंग हे सगळं गाळून सांगा. गोष्ट उरली तर घ्या. 'मग तो आला आणि मग त्याने हाणला आणि मग दुसऱ्याने हाणला' एवढंच उरलं तर ती मजेची गोष्ट असेल, मीही अशा कितीतरी वाचतो, पण या यादीत ती नको.

उदाहरण देतो. 'ऑल-स्टार सुपरमॅन', लेखक ग्रँट मॉरिसन, चित्रं फ्रँक क्वाइटली, १२ अंक, २००५ ते २००८. सूर्याची ऊर्जा अंगात अति झाल्यामुळे सुपरमॅन मरणार आहे आणि मरण्याआधी काय काय आवरायचं याची त्याची धावपळ चाललीय. दहाव्या अंकात एक मुलगी उंच इमारतीच्या कडेवर उभी आहे, जीव द्यायला. तो तिच्या मागे येऊन उभा राहतो. तिला सांगतो की तुझ्या डॉक्टरला यायला खरंच उशीर झालाय, दिसतं तितकं वाईट कधीच नसतं, आणि तुला वाटतं त्यापेक्षा तू खूप खंबीर आहेस. ती त्याला मिठी मारते. संपलं. एक पान! जगभर विखुरलेली कामं पडलीत, स्वतःचं मरण डोक्यावर आहे, तरी हा एका अनोळखी पोरीसाठी थांबतो. तिथे ताकदीचं काय काम आहे सांगा, हेच एखादी शेजारीण करेल, शाळेतली बाई करेल, तुम्ही कराल. मी हे पान कितीदा वाचलंय त्याचा हिशोब नाही आणि दर वेळी घसा दाटतो.

मात्र लक्षात ठेवा, विषय आत्महत्येचा आहे. लहान मुलाच्या हातात देऊन निघून जाऊ नका, बरोबर बसून वाचा, नंतर बोला. आमच्याकडे हे पुस्तक तेरा वर्षांवरच्या मुलांसाठी ठेवलंय आणि वर चिठ्ठी लावलीय.

याच्यातूनच एक गोष्ट शिकलो, निवडीचं माप नेहमी 'पुस्तक' नसतं, कधी एक अंक असतो, कधी एक पान असतं. वहीत तसंच लिहा, अमुक पुस्तक, अमुक अंक, अमुक पान.

तिसरी पायरी: समोरच्याचा मुद्दा कच्चा नको

आदर्श खरा कधी कळतो तर समोरचा बरोबर बोलतोय असं वाटायला लागतं तेव्हा. 'ॲक्शन कॉमिक्स' ७७५, मार्च २००१, लेखक जो केली. एलिट नावाची नवी टोळी येते, तेही लोकांना वाचवतात, पण खलनायकाला सरळ मारून टाकतात, आणि लोक त्यांच्यावर खूश. सुपरमॅन जुना झाला, असं लोक म्हणायला लागतात. वाचताना आपणही क्षणभर म्हणतो की बरोबर आहे यांचं, रोज पेपरात जे वाचतो त्यानंतर कोणाला वाटत नाही की अशांना उडवावं? शेवटी सुपरमॅन त्यांच्याशी त्यांच्याच नियमाने लढल्यासारखं दाखवतो, आणि ते इतकं भयानक दिसतं की बघणाऱ्यांचा थरकाप होतो, आणि मग कळतं की त्याने कोणालाच मारलेलं नाही. म्हणजे असा सुपरमॅन हवा होता ना तुम्हाला, मग बघा कसा असतो तो. भाच्याशी या गोष्टीवर तासभर भांडण झालं. त्याचं म्हणणं एलिटच बरोबर. मी हरलो नाही आणि जिंकलोही नाही, पण तो आता 'बोअर' म्हणत नाही.

या पायरीला तुम्ही स्वतःला विचारायचा प्रश्न एवढाच: खलनायकाचं म्हणणं एका वाक्यात, त्याच्या बाजूने, मला मांडता येतं का? 'त्याला जग जिंकायचंय' हे म्हणणं नव्हे.

चौथी पायरी: तो कुठे थांबतो ते शोधा

मला स्वतःला सगळ्यात जास्त या गोष्टी आवडतात. 'सुपरमॅन' २४७, जानेवारी १९७२, लेखक एलियट मॅगिन, चित्रं कर्ट स्वॉन. विश्वाचे रक्षक म्हणून परग्रहावरचे काही जाणते आहेत, ते सुपरमॅनच्या डोक्यात शंका घालतात, की तू सगळं करतोस म्हणून माणसं स्वतः काही शिकत नाहीत का? तो पृथ्वीवर येतो तर कॅलिफोर्नियातल्या शेतमजुरांच्या वस्तीत मालकाकडून एका पोराला मार पडत असतो. सुपरमॅन त्याला सोडवतो. मग सगळे मजूर त्याच्याभोवती, आता तूच आमचं सगळं कर. आणि तो नाही म्हणतो. तुमच्या हक्काचं भांडण तुम्हीच भांडायचं, असं सांगतो. पण तेवढ्यात भूकंप होतो, घरं कोसळतात, तेव्हा मात्र तो धावतो आणि घरं उभी करून देतो, कारण भूकंपाशी माणूस भांडू शकत नाही. मदत कुठे करायची आणि कुठे हात मागे घ्यायचा याचं इतकं साधं उत्तर मला दुसऱ्या कॉमिकमध्ये मिळालेलं नाही. माझ्या सगळ्याच मित्रांना हे पटत नाही, एकजण म्हणाला की मार खाणाऱ्याला 'तूच भांड' सांगणं सोपं असतं. त्याचंही खोटं नाही, आणि १९३८ च्या सुपरमॅनने त्या मालकाला सोडला नसता हेही खरं. म्हणूनच मी पोरांना खाणीची गोष्ट आणि ही गोष्ट लागोपाठ वाचायला देतो.

त्याच वळणाची दुसरी, 'पीस ऑन अर्थ', पॉल डिनी आणि ॲलेक्स रॉस, १९९० च्या दशकाच्या अखेरची. मोठ्या आकाराचं पुस्तक, पानं म्हणजे पेंटिंगच. सुपरमॅन एका दिवसात जगातल्या सगळ्या भुकेल्यांना अन्न पोचवायला निघतो, आणि जमत नाही. सगळीकडे त्याचं स्वागतही होत नाही. शेवटी त्याला आठवतं ते शेतकरी बापाने शिकवलेलं पेरणीचं ज्ञान. आपल्याकडे ज्याच्या घरी अजून शेत लागतं त्याला हा शेवट वेगळाच भिडेल.

पाचवी पायरी: बाहेरून आलेला

याला मी एकच पुस्तक सुचवतो आणि एकच घ्यायचं असेल तरी हेच घ्या: 'सुपरमॅन स्मॅशेस द क्लॅन'. लेखक जीन लुएन यांग, चित्रं गुरिहिरू, २०१९-२० मध्ये आलं. मुळात १९४६ साली रेडिओवरच्या सुपरमॅनने कु क्लक्स क्लॅन या अमेरिकेतल्या वर्णद्वेष्ट्या संघटनेसारख्या टोळीशी लढाई केली होती, त्याच कथेवरून हे केलंय. ली नावाचं चिनी कुटुंब चायनाटाउनमधून मेट्रोपोलिसच्या नव्या वस्तीत राहायला येतं. मुलगा पटकन मिसळतो, मुलगी रॉबर्टा बुजते, आणि एका रात्री त्यांच्या अंगणात जळता क्रूस उभा राहतो. इकडे सुपरमॅन अजून उडत नाही, कारण उडलो तर आपण इथले नाही हे लोकांना कळेल अशी त्याला आतून भीती आहे. त्या दोघांची भीती एकच आहे, आणि एकमेकांमुळे ती सुटत जाते.

गोव्यात 'भायले', म्हणजे बाहेरचे, हा शब्द आपण सगळे किती सहज वापरतो. आमच्या गावच्या शाळेत बांधकामावर आलेल्या मजुरांची पोरं आहेत, कोणी कर्नाटकातून, कोणी बिहारमधून, मधल्या सुट्टीत ती वेगळी बसतात. मी हे पुस्तक मोठ्याने वाचून दाखवलं त्या दिवशी त्यातलीच एक मुलगी पुढे सरकून चित्रं बघत होती. ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी वाचनालयात येऊन तिने पुस्तक मागितलं. इंग्रजी तिला फारसं येत नाही, तरी चार दिवस ठेवलं.

सहावी पायरी: काय बाजूला ठेवायचं

'डेथ ऑफ सुपरमॅन', १९९२, प्रचंड खपला, आजही प्रत्येक यादीत असतो. ताकद काढून सांगा, फार थोडं उरतं. त्याच्या मरणानंतर शहर कसं शोक करतं तो पुढचा भाग मला जास्त चांगला वाटतो, तरी सहात नाही.

'रेड सन' (तो अमेरिकेऐवजी सोव्हिएत युनियनमध्ये पडला असता तर), 'किंगडम कम', आणि ज्यात तो हुकूमशहा होतो त्या सगळ्या गोष्टी, यातल्या काही फार चांगल्या आहेत, 'किंगडम कम' तर नक्कीच. पण या गोष्टी उलट्या आरशातल्या आहेत, मूळ चेहरा माहीत असेल तरच कळतात. आज कितीतरी पोरांनी आधी हुकूमशहा सुपरमॅन बघितलाय, गेममध्ये, क्लिपांमध्ये, आणि त्यांना तोच मूळ वाटतो. मूळ आधी द्या, वर्षभराने हे द्या.

ॲलन मूरची 'फॉर द मॅन हू हॅज एव्हरीथिंग', १९८५, यावर मी बराच काळ अडकलो. वाढदिवसाच्या दिवशी शत्रू त्याच्या अंगावर एक परग्रहावरची वनस्पती सोडतो, ती माणसाला त्याच्या मनातलं सगळ्यात गोड स्वप्न दाखवते. त्याचं स्वप्न काय, तर क्रिप्टॉन, त्याचा जन्मग्रह, कधी फुटलंच नाही, तो तिथे साधा माणूस आहे, बायको आहे, पोरं आहेत. आणि जागं व्हायचं तर स्वतःच्या मुलाला सोडून यायचंय. हिंसा आहे, लहानांना नको, पण मोठ्यांच्या यादीत हवीच, म्हणून आमच्याकडे ती वरच्या कप्प्यात.

शेवटचा हिशोब आणि खरेदी

आमचे सहा असे ठरले: 'स्मॅशेस द क्लॅन', 'ऑल-स्टार', 'पीस ऑन अर्थ', पहिल्या वर्षांच्या अंकांचा एक संग्रह, मूरच्या कथांचा संग्रह, आणि 'सुपरमॅन फॉर ऑल सीझन्स'. शेवटचं जेफ लोब आणि टिम सेल यांचं, १९९८ चं, चार ऋतू आणि चार सांगणारे: बाप, लोइस, त्याचा शत्रू लूथर, गावाकडची मैत्रीण लाना. शांत पुस्तक आहे, दहा वर्षांच्या मुलाला पहिलं द्यायला याच्यासारखं नाही. २४७ आणि ७७५ हे सुटे अंक आहेत, ते संग्रहांतून किंवा डिजिटल मिळतात, मी माझ्या टॅबवर वाचून दाखवतो.

घेताना पुस्तकाच्या नावावर जाऊ नका, आत कोणते अंक आहेत ते क्रमांक तपासा, सारख्या नावाचे दोन तीन संग्रह असतात आणि आतला माल वेगळा. 'ऑल-स्टार'ची लहान आकाराची, कमी किमतीची आवृत्ती २०२४ पासून निघालीय, वाचनालयाला ती परवडते. 'पीस ऑन अर्थ' मात्र लहान आकारात घेऊ नका, चित्रांचा जीव जातो.

कपाटात लावण्याआधी चार मुलांना एकत्र बसवून मोठ्याने वाचा, मराठीत, मध्ये कोकणी आली तर येऊ द्या. नंतर 'काय आवडलं' विचारू नका. विचारा, त्याला करता आलं असतं पण त्याने केलं नाही असं काय होतं? उत्तरं वहीत लिहून ठेवा, पुढच्या वर्षी पुस्तकं बदलायची असतील तर तीच उपयोगी पडतात. ज्या पुस्तकावर पोरं या प्रश्नाला गप्प बसतात ते परत एकदा चाळणीतून काढा.

आणि आपल्याकडचा पाऊस लक्षात ठेवा. गुळगुळीत कागदाची पानं दमट हवेत एकमेकांना चिकटतात, जून लागायच्या आत प्रत्येक पुस्तकाला प्लास्टिकचं कव्हर घाला, कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढा, कप्प्यात कडुलिंबाची सुकी पानं ठेवा आणि ऊन पडेल त्या दिवशी दारं उघडी टाका.